आप्पांच्या खिळ्यावरचा डॉक्टर

महादेवपुरा, बेंगळुरू
बुधवार (चित्र अजून भिंतीवरच)

तीर्थस्वरूप कस्तुरीअक्का यांना, तुमच्या धाकट्या भावाच्या घरी राहून अन्याय सोसणाऱ्या शार्दूलचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? डावा जास्त दुखतो की उजवा हे मी विसरलो, तरी दोघांचीही चौकशी केली आहे असं समजा. मिरजेला तुमच्याकडे आठ दिवसांसाठी येऊन दोन महिने राहिलो, त्यावरून तुम्ही कधी एका शब्दाने बोलला नाहीत, म्हणून जगात न्याय मागायला तुमच्याशिवाय मला कोणी उरलेलं नाही. माझ्या बुटात पिल्लं घालणाऱ्या मांजरीलाही आठवण सांगा (बूट अजून तिथेच असेल तर राहू दे, दुसरा मी गोकर्णला हरवला). हे पत्र मुद्दाम कागदावर लिहून कुरियरने पाठवतोय. फोनवर पाठवलं असतं तर तुमच्या सूनबाई सिद्धीवहिनींनी ते तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं असतं आणि शेजाऱ्यांनाही निकाल द्यायला बोलावलं असतं. वहिनींबद्दल माझ्या मनात आदरच आहे, पण त्यांचा आवाज पार स्टेशनपर्यंत जातो.

तुमच्या कानावर आलंच असेल की आप्पांच्या श्राद्धाच्या दिवशी शार्दूल पंगतीत ओरडला, "हे आप्पा नाहीत, हा फ्रान्सचा डॉक्टर आहे!" आणि त्यामुळे सगळ्यांचं जेवण नासलं. अक्का, मी ओरडलो नाही. माझ्या तोंडात वडा होता. तोंडात वडा असताना माणूस काहीही बोलला तरी ते ओरडल्यासारखंच वाटतं. आणि जेवण कोणाचंही नासलं नाही, गुरुजींनी त्यानंतर दोनदा खीर घेतली, मी स्वतः वाढली. पण विद्यामावशी सगळ्यांना सांगते की माझ्या बहिणीचा मुलगा आहे म्हणून सहन करते. काका तर काहीच बोलत नाहीत. पद्मनाभकाका काही बोलत नाहीत तेव्हा जास्त भीती वाटते, हे तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही त्यांना लहानपणापासून ओळखता.

तर सुरुवातीपासून सांगतो. मी सध्या राजलक्ष्मी मॅडमच्या छापखान्यात असतो. (गोव्याच्या सर्फिंगच्या नोकरीचं विचारू नका. मला पोहता येतं का हे त्यांनी मला घेण्याआधी विचारायला हवं होतं, त्यात माझी काय चूक?) छापखाना म्हणजे लग्नपत्रिकांचा नव्हे. इथे एचिंग करतात. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने त्यावर चित्र ओरखडायचं, मग पत्रा ॲसिडमध्ये बुडवायचा. जिथे मेण गेलं तिथे ॲसिड तांबं खातं आणि रेघा खोल होतात. त्यात शाई भरायची, वर ओला कागद ठेवायचा आणि मोठ्या रुळाखालून दाबून काढायचा. मला हे काम आवडतं. अक्का, मी आयुष्यात पहिल्यांदा असं म्हणतोय, तारीख लिहून ठेवा. मॅडम जुनी एचिंग दुरुस्तही करतात, म्हणजे डाग काढणं, मागचा पुठ्ठा बदलणं वगैरे. तर त्यांच्याकडे व्हॅन गॉगचं एचिंग आलं. हो, तोच तो डच चित्रकार, सूर्यफुलंवाला, ज्याचा कानाचा किस्सा आहे (तो इथे नको, विषय आधीच कानाचा होणार आहे). या माणसाने रंगीत चित्रं ढिगाने काढली, पण एचिंग उभ्या जन्मात एकच केलं. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या घरी जेवायला गेला होता, जेवण झाल्यावर डॉक्टरने त्याच्या हातात पत्रा आणि सुई दिली म्हणतात, आणि त्याने समोर बसलेल्या डॉक्टरलाच कोरून काढलं. तोंडात पाइप, जाड मिशा, चुरगळलेला कोट, आणि डोळे असे की वाटतं पेशंटनेच त्याला धीर दिला पाहिजे. त्याच्या मोजक्याच प्रती निघाल्या. त्यातली एक बोम्मसंद्र्याला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या नागनाथ अण्णांनी परदेशातल्या लिलावात घेतली. किंमत सांगत नाही, तुमची बीपीची गोळी सकाळचीच असेल.

आता मला सांगा, एवढी मोलाची वस्तू महादेवपुऱ्यातून होसकोट्याला, अण्णांच्या फार्महाऊसवर, रिक्षाने कोण पाठवतं? राजलक्ष्मी मॅडम पाठवतात! त्यांचं म्हणणं, गाडीपेक्षा रिक्षा बरी, चोराला संशय येत नाही. आणि कोणाबरोबर पाठवतात? माझ्याबरोबर. (त्यात मात्र त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.) येत्या रविवारी फार्महाऊसवर अण्णांनी मोठमोठ्या लोकांना चित्र बघायला बोलावलंय. मॅडमनी मला इतकंच सांगितलं, की वाटेत कुठे थांबू नकोस. आणि मी कुठेही थांबलो नाही. फक्त घरी थांबलो, कारण घर वाटेतच आहे, श्राद्ध होतं, आणि विद्यामावशीचे वडे वर्षातून एकदाच होतात. आता श्राद्धाला घरात असून न जेवता गेलो असतो, तर तेही तुमच्या कानावर आलंच असतं ना?

पुढचं समजण्यासाठी आप्पांच्या फोटोचा प्रश्न तुम्हाला आठवावा लागेल. तुमच्या वडिलांनी जन्मभर फोटो काढू दिला नाही, फोटो काढला की आयुष्य कमी होतं म्हणून. विमानाच्या कारखान्याचा तो एकच ग्रुप फोटो आहे, त्यातही आयत्या वेळी त्यांनी मान फिरवली, आणि आला फक्त कान. मावशी दरवर्षी त्या चाळीस माणसांच्या फोटोला हार घालते आणि गंध मात्र नेमकं त्या कानाला लावते. (बाकीच्या एकोणचाळीस जणांच्या घरी हे कळलं तर काय वाटेल, हा विचार फक्त मलाच येतो.) या वर्षी वरच्या मजल्यावरच्या पुष्करने काकांना शब्द दिला होता. पुष्कर म्हणजे पुण्याहून आलेला भाडेकरू, इथल्याच आयटी पार्कमध्ये नोकरी, आणि कॉम्प्युटरला काहीही करायला सांगू शकतो असा त्याचा समज. तो म्हणाला, काका, तुमचा चेहरा आणि तो कान कॉम्प्युटरला देतो, तो आप्पांचा चेहरा तयार करून देईल, फ्रेम करून श्राद्धाच्या सकाळी आणतो. काका आयुष्यभर नकाशावर इंच न् इंच मोजणारा माणूस, पण या गोष्टीला हो म्हणाले. आप्पा गेले तेव्हा तुम्ही बारा वर्षांच्या होतात, तुम्हाला आप्पा आठवतात. काका चार वर्षांचे होते. त्यांना आप्पांचा हात आठवतो, चेहरा आठवत नाही. हे मला मावशीने सांगितलं, काकांनी नाही.

तर त्या दिवशी मी चित्राचं गाठोडं सोफ्यावर ठेवलं, मावशीने मला लगेच वर गच्चीवर पिटाळलं, कावळ्याचं पान ठेवायला. मी वर गेलो. खाली मावशीने गाठोडं पाहिलं, तिला वाटलं पुष्करने आणून ठेवलं. सोडलं. मी पान ठेवलं, आणि अक्का, कावळा लगेच आला! गेल्या वर्षी दुपारी तीनपर्यंत कबुतरांशी भांडत बसलो होतो (तेव्हा मी हिमाचलला होतो, पण ऐकलंय). या वर्षी पान खाली टेकतंय तोवर कावळा हजर. मी आनंदाने ओरडलो, "मावशी, शिवला!" खाली मावशी चित्राला हार घालत होती. तिने वर पाहिलं, चित्राकडे पाहिलं, आणि रडायला लागली. बस्स. तिथेच माझं नशीब फिरलं. ज्या चित्राला हार पडताच कावळा शिवला, ते चित्र आप्पांचं नाही असं कोण म्हणणार?

मी म्हणालो. वडा खाता खाता माझं लक्ष चौरंगावरच्या चित्राकडे गेलं आणि घास अडकला. मी म्हणालो, मावशी, हा फ्रेंच डॉक्टर आहे. तर मावशी म्हणते, "आप्पांना औषधांचं फार होतंच. साबुदाण्यासारख्या गोड गोळ्या वाटायचे कॉलनीत." आता हा डॉक्टरही होमिओपॅथी करायचा, हे मला माहीत होतं आणि मी मूर्खासारखं ते बोलून गेलो. गुरुजी म्हणाले, बघा! मी म्हणालो, अहो पाइप बघा, आप्पा पाइप ओढायचे का? मावशी म्हणाली, "कारखान्यात इंग्रज साहेबांच्या हाताखाली होते, कोणी ओढायला लावला असेल. घरात आणला नाही ना कधी? तोच त्यांचा मोठेपणा." अक्का, या बाईशी वाद कोण घालणार! ती सुप्रीम कोर्टात असती तर सगळे आरोपी आपणहून तुरुंगात गेले असते. तेवढ्यात तिने पुष्करला फोन लावला आभार मानायला. आणि त्या नालायकाने, जो रात्रभर ऑफिसच्या कॉलवर होता आणि ज्याने आप्पांचा कान उघडूनसुद्धा पाहिलेला नव्हता, तो फोनवर म्हणाला, "आवडलं ना काकू? थोडी मेहनत घेतली." थोडी मेहनत! व्हॅन गॉगची! ते बिचारे हे कोरलं त्याच उन्हाळ्यात वारले, आणि श्रेय घेतंय कोण, तर ज्याला स्वतःची दुचाकी सरळ लावता येत नाही तो.

संध्याकाळी काकांनी भिंतीत खिळा ठोकला आणि चित्र लावलं. डॉक्टर जेवणाच्या टेबलाकडे बघतोय. मी जेवताना तो माझ्याकडे बघतो. मला घास जात नाही (पोळ्या कमी झाल्यात हे मावशीनेही पाहिलंय, पण तिला वाटतं मी ओशाळलोय). मॅडमना मी सांगितलं की ट्रॅफिकमध्ये अडकलोय. बेंगळुरूत हे कारण दुसऱ्या दिवशीही चालतं. पुढे छापखान्यात समोरासमोर गाठ पडली तेव्हा म्हणालो, चित्र घरी सुरक्षित आहे, रविवारच्या आत पोचवतो. अण्णांच्या ड्रायव्हरचा मात्र सारखा फोन येतो, "एल्लिदीरा सार, स्वल्प बेगा," म्हणजे कुठे आहात, जरा लवकर. मी "सरी, सरी" (बरं, बरं) म्हणतो आणि ठेवतो.

मग मी डोकं चालवलं. (घरातल्या कोणी चालवलं नाही, म्हणून.) छापखान्यात जाऊन फोनमधल्या फोटोवरून मी स्वतः तांब्याच्या पत्र्यावर तो डॉक्टर कोरला. दोन दुपारी लागल्या. रेघा अशा आल्या अक्का, की मॅडमनी मागून येऊन पाहिलं आणि "हम्म" म्हणाल्या. मॅडम कधी हम्म म्हणत नाहीत. तशीच फ्रेम केली. ठरवलं, दुपारी सगळे झोपले की माझं लावायचं, खरं काढायचं आणि रिक्षा पकडायची. तसंच केलं. रिक्षा फाटकाशी आली, मी एक पाय आत टाकला, तोच घरातून मावशीची किंकाळी. आप्पांनी तोंड फिरवलं!

एचिंगमध्ये पत्र्यावर जे कोरतो ते कागदावर उलटं छापलं जातं. ही इथली पहिल्या दिवसाची शिकवण. पहिल्या दिवशी मी उशिरा पोचलो होतो. म्हणून माझा डॉक्टर जेवणाच्या टेबलाकडे न बघता दाराकडे बघत होता. आता मला सांगा, त्या वेळी मी पळून गेलो असतो तर चित्र अण्णांकडे पोचलं असतं, सगळं मिटलं असतं. पळालो का? नाही पळालो. मावशीचा आवाज ऐकून मागे फिरलो. (रिक्षावाल्याने ट्रिप रद्द केली होती हेही खरं, पण ते मला नंतर कळलं.) आत मावशी जमिनीवर बसलेली. खिरीला दूध कमी पडलं म्हणून तिने दुधाची पावडर घातली होती, त्याचा आप्पांना राग आला असं तिने ठरवलंय, आणि ते परत वळेपर्यंत चहासुद्धा घेणार नाही म्हणाली. चहाविना मावशी म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. ती देवघरात गेली तेवढ्यात मी पुन्हा खरं चित्र लावलं. ती बाहेर आली, पाहिलं, आणि आप्पांनी क्षमा केली म्हणून सगळ्या गल्लीत पेढे वाटले! आता वरच्या मजल्यावरची आयटीतली पोरं अप्रेझलच्या आधी पाया पडायला येतात. पुष्कर सगळ्यात पुढे. आणि माझं चित्र, माझ्या आयुष्यातलं धड झालेलं पहिलं काम, पलंगाखाली पडलंय. त्याबद्दल ना पेढा, ना चांगला शब्द.

हा झाला माझा गुन्हा. आता दोष कोणाचा ते तुम्हीच ठरवा. मी आपला उपेक्षित, पण तब्येतीने ठीक आहे. मिरजेची हवा पाठवा, इथे फक्त धूळ मिळते. मांजरीला सांगा.

तुमचा,
शार्दूल

ता. क. मुद्द्याचं राहिलं. काका शनिवारी संध्याकाळी नेहमीसारखा तुम्हाला व्हिडिओ कॉल करतील आणि फोन भिंतीसमोर धरतील. तुम्हाला अचानक दाखवायचं म्हणून थांबलेत. अक्का, आप्पांचा चेहरा पाहिलेलं तुमच्याशिवाय कोणी राहिलेलं नाही. तुम्ही एवढंच म्हणायचं: "हे आप्पा नव्हेत." एक वाक्य. मग मावशीसुद्धा काही करू शकणार नाही. रविवारी चित्र अण्णांकडे गेलं नाही, तर मॅडम मला काढतील, आणि अक्का, मला पहिल्यांदाच कुठून काढलेलं आवडणार नाही. डॉक्टरांची शपथ घालतो.

ता. क. दुसरा (गुरुवार सकाळ). वरचा ता. क. खोडून टाका. फाडलात तरी चालेल. काल कुरियरवाला लवकर बंद करून गेला म्हणून पत्र माझ्याकडेच राहिलं, ते बरं झालं. आज पहाटे काकांनी मला उठवलं. हातात कॉफीचे दोन पेले. खिळ्यावरून चित्र त्यांनीच उतरवलेलं होतं, टेबलावर पंचा अंथरून त्यावर ठेवलेलं, काचेवरचं गंध ओल्या कापसाने पुसलेलं. म्हणाले, "हे कोण, ते नीट सांग." मी सगळं सांगितलं, जेवणानंतरची सुई, ॲसिड, सगळं. मग म्हणाले, "मी दुपारी झोपत नसतो रे. डोळे मिटून पडतो." म्हणजे अदलाबदल त्यांनी पाहिलेली होती! दोन्ही वेळा! मग गप्प का बसलात, असं मी जरा चिडूनच विचारलं. तर कॉफीकडे बघत म्हणाले, "सत्तर वर्षं कानाला नमस्कार केला. चार दिवस डोळ्यांना करून बघितला."

मग माझं चित्र मागितलं. पलंगाखालून काढून दिलं. चष्मा वर करून, अगदी नाक लावून पाहिलं. म्हणाले, "त्या चित्रातला माणूस दुसऱ्या कोणाचा तरी आहे, स्पष्ट दिसतं. तुझ्यात नाक चुकलंय. त्यामुळे हा कोणाचाच नाही. म्हणजे आपला असायला हरकत नाही." आणि तेच खिळ्याला लावलं. (नाक चुकलेलं नाही, अक्का. कागद जरा जास्त ओला होता.) मावशी उठली, पाहिलं, हात कपाळाकडे गेला, तेवढ्यात काका म्हणाले, "आप्पा रागावलेले नाहीत. दाराकडे बघतायत. कस्तुरी येईल म्हणून वाट बघतायत." झालं. मावशी आत गेली आणि तुमच्यासाठी गादी उन्हात टाकली. गुडघ्यांसाठी खालची खोलीही ठरली. तेव्हा शनिवारी कॉल आला की म्हणा, हो, हे आप्पाच. आणि येण्याची तारीखही सांगून टाका, कारण काका आता तिकीट काढल्याशिवाय ऐकणार नाहीत. मी चित्र घेऊन होसकोट्याला निघालोय. रिक्षात काकाही बसलेत, म्हणतात, "तू वाटेत थांबशील."

ता. क. तिसरा. हे रिक्षातून लिहितोय, अक्षराला हसू नका. मॅडमच्या कपाटात तांब्याचा एक कोरा पत्रा आहे, तो मी मागून घेणार आहे. तुम्हाला आप्पांचा चेहरा खरंच आठवत असेल तर तो मला लिहून पाठवा, दुसऱ्या कोणाला सांगू नका. नाक कसं होतं, बसकं की लांब? भुवया जुळलेल्या होत्या का? या वेळी मी उलटं कोरीन. पण सगळ्यात आधी हे लिहा की ते हसायचे तेव्हा कसे दिसायचे, कारण काका शेजारी बसून विचारतायत, आणि मला काही सांगता येत नाही.